विजेत्याने लढावे कोणाशी?

जत्रेतील कुस्त्यांचा फड ज्याने पाहिला असेल त्याला हे ठाऊक असते की, कुस्ती रंगते की फसते याचा निम्मा निकाल ती सुरू होण्याच्या आधीच लागलेला असतो. हलगी कडाडत असते, मल्ल अंगाला माती लावून आखाड्याभोवती फिरत असतात, आणि अनुभवी वस्ताद व पंच त्यांच्याकडे पाहून मनाशी जोड जुळवीत असतात. वजन, वय, तयारी आणि आजवर मारलेल्या कुस्त्या यांचा मेळ बसला तर प्रेक्षक श्वास रोखून बघतात. तो बसला नाही तर क्षणात एक मल्ल चीत होतो, आणि जिंकणाऱ्यालाही त्या जिंकण्याचे समाधान लाभत नाही. ‘जोड’ हा शब्द मराठीने कुस्तीच्या आखाड्यासाठी राखून ठेवला असला, तरी जोडीचा प्रश्न जगातील सर्वच द्वंद्वक्रीडांपुढे उभा असतो. धंदेवाईक मुष्टियुद्धात तर त्याला असाधारण महत्त्व आहे.

याचे कारण त्या खेळाच्या रचनेतच आहे. विंबल्डनच्या टेनिस स्पर्धेत गतवर्षीचा विजेता उतरला, तर त्याच्यासमोर कोण येणार हे सोडत आणि फेऱ्यांचे निकाल ठरवितात. त्याच्या आवडीनिवडीला तेथे स्थान नसते. धंदेवाईक मुष्टियुद्धात मात्र विजेतेपद ही एका माणसाच्या हाती सोपविलेली ठेव असते. तो हरेपर्यंत किंवा आपणहून निवृत्त होईपर्यंत सामान्यतः ती त्याच्याकडेच राहते, आणि तिच्यासाठी कोणाशी, कोठे व केव्हा लढावयाचे हे बोलाचालीने ठरते. या बोलाचालीत विजेता असतो, त्याचा व्यवस्थापक असतो, पैसा घालणारा ठेकेदार असतो, आणि परवाना देणारे सरकारी मंडळही असते. वृत्तपत्रे आणि नियतकालिके आव्हानवीरांची क्रमवारी छापतात. 1922 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘द रिंग’ या नियतकालिकाच्या क्रमवारीला तर एका काळी जवळजवळ न्यायनिवाड्याची प्रतिष्ठा होती. तथापि क्रमवारी सुचवू शकते, भाग पाडू शकत नाही. म्हणूनच प्रत्येक विजेत्याच्या बाबतीत ‘आता पुढचा कोण?’ हा वाद पुनःपुन्हा पेटतो.

हा वाद किती खोलवर जाऊ शकतो हे पाहावयाचे असेल, तर हेवीवेट गटाचा अमेरिकन विजेता फ्लॉइड पॅटर्सन याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. दारिद्र्यात आणि एकलकोंडेपणात वाढलेल्या या निग्रो मुलाने 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मिडलवेट गटाचे सुवर्णपदक मिळविले. याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, हे मराठी श्रोत्यांना सांगावयास नको. पुढे 1956 च्या एप्रिलमध्ये रॉकी मार्सियानो 49 लढतींत अपराजित राहून निवृत्त झाला. त्याच्या रिकाम्या जागेसाठी त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला शिकागोत पॅटर्सनने आर्ची मूरला पाचव्या फेरीत पाडले. तेव्हा तो अवघा 21 वर्षांचा होता. इतक्या लहान वयात हेवीवेट विजेतेपद तोपर्यंत कोणीही मिळविले नव्हते.

विजेतेपद तर मिळाले, पण आता लढावयाचे कोणाशी? पॅटर्सनचा व्यवस्थापक कस डी’अमॅटो हा हट्टी आणि संशयी स्वभावाचा माणूस होता. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक मोठ्या लढती ‘इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब’ या संस्थेच्या मुठीत होत्या. तिच्याशी व्यवहार करावयाचा नाही, असा डी’अमॅटोचा निर्धार होता. ही मक्तेदारी बेकायदेशीर असल्याचा निर्णय 1959 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, तेव्हा त्याच्या भूमिकेत तथ्य होते हे उघडच झाले. परंतु या तत्त्वनिष्ठेची दुसरी बाजूही होती. एडी मॅचेन आणि झोरा फॉली यांच्यासारखे खरेखुरे आव्हानवीर दाराबाहेर ताटकळत राहिले, आणि पॅटर्सनसमोर उभे राहिले ते मात्र दुय्यम दर्जाचे प्रतिस्पर्धी. 1957 च्या ऑगस्टमध्ये त्याने सिअ‍ॅटल येथे पीट रॅडमाकरशी लढत दिली. रॅडमाकर मेलबर्न ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता होता हे खरे, परंतु धंदेवाईक मुष्टियोद्धा म्हणून त्याची ही पहिलीच लढत होती. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटर्सनला खाली पाडून सर्वांना चकित केले आणि सहाव्या फेरीत तो स्वतः हरला. 1959 च्या मे महिन्यात इंडियानापोलिस येथे ब्रायन लंडनची पाळी आली. तो चारच महिन्यांपूर्वी ब्रिटिश विजेतेपदाच्या लढतीत हेन्री कूपरकडून हरलेला होता.

अशा लढतींचा तोटा केवळ प्रेक्षकांना होतो असे नाही. सोप्या जोडीत विजेत्याच्या अंगचे दोष झाकले जातात. पॅटर्सनच्या हाताला विलक्षण वेग होता. पण त्याचा बांधा हेवीवेटच्या मानाने हलका होता, आणि जोरदार ठोसा बसला की तो खाली जाई. 26 जून 1959 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या फेरीत सात वेळा खाली पाडून विजेतेपद हिरावून घेतले. या योहान्सनची निवड वरवर पाहणाऱ्यांना सोपी वाटली होती. हेलसिंकीच्या अंतिम लढतीत पुरेसा प्रयत्न न केल्याबद्दल पंचांनी ज्याला बाद केले होते, तोच हा योहान्सन. परंतु ज्या मॅचेनला पॅटर्सनच्या गोटाने दूर ठेवले होते, त्याच मॅचेनला योहान्सनने 1958 साली पहिल्याच फेरीत लोळविले होते. त्या निकालाचा अर्थ ज्यांनी नीट लावला नाही, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. पुढच्याच वर्षी, 20 जून 1960 रोजी, पॅटर्सनने योहान्सनला पाचव्या फेरीत गारद केले. गमावलेले हेवीवेट विजेतेपद परत मिळविणारा तो इतिहासातील पहिला पुरुष ठरला.

यानंतर जो वाद उभा राहिला तो मुष्टियुद्धापुरता उरला नाही. एव्हाना सर्वांच्या तोंडी एकच नाव होते, ते म्हणजे सॉनी लिस्टन. त्याने क्लीव्हलंड विल्यम्सला दोनदा हरविले होते, झोरा फॉलीला तिसऱ्या फेरीत बाद केले होते आणि मॅचेनला गुणांवर पराभूत केले होते. ज्यांना ज्यांना पॅटर्सनने टाळले असे लोक म्हणत, त्या साऱ्यांचा हिशेब लिस्टनने चुकता केला होता. 4 डिसेंबर 1961 ची संध्याकाळ या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी टोरांटोत पॅटर्सनने टॉम मॅकनीलीला चौथ्या फेरीत हरविले, आणि त्याच संध्याकाळी फिलाडेल्फियात लिस्टनने जर्मनीच्या आल्बर्ट वेस्टफालला पहिल्याच फेरीत आडवे केले. दोन्ही लढती तिकीट काढून चित्रपटगृहांच्या पडद्यांवर एकत्र पाहणाऱ्यांच्या मनात त्यांची तुलना होणे अपरिहार्य होते.

लिस्टनची पात्रता कोणीच नाकारीत नव्हते. प्रश्न होता तो त्याच्या चारित्र्याचा. 1950 साली लुटीच्या गुन्ह्यासाठी त्याला मिसूरीच्या तुरुंगात पाठविण्यात आले होते, आणि मुष्टियुद्ध तो शिकला तो तेथेच. सुटल्यावर पोलिसाला मारहाण केल्याबद्दल त्याला पुन्हा शिक्षा झाली. त्याच्या कारभाराचे धागे गुन्हेगारी जगातील फ्रँकी कार्बो आणि त्याच्या साथीदारांपर्यंत पोहोचत होते. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे 1960 साली त्याची साक्षही झाली होती. अशा माणसाला जगाच्या विजेतेपदासाठी उभे करावे काय? निग्रो समाजातील अनेक जबाबदार पुढाऱ्यांचे मत नकारार्थी होते. नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना लिस्टन विजेता झाला, तर विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत मिळेल, ही त्यांची भीती निराधार नव्हती. 1962 च्या जानेवारीत पॅटर्सन राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना भेटला तेव्हाही, त्याच्या सांगण्याप्रमाणे, पुढचा प्रतिस्पर्धी कोण हा प्रश्न निघाला आणि त्याने लिस्टनचेच नाव घेतले. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या मंडळाने लिस्टनला परवाना नाकारला. डी’अमॅटोचाही या लढतीला विरोध होता. त्याला काळजी होती ती आपल्या मुष्टियोद्ध्याच्या शरीराची.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार होती. लिस्टनने आपली शिक्षा भोगली होती. कायद्याने ज्याचा हिशेब पुरा केला, त्याला आखाड्याने आणखी किती काळ शिक्षा करावी? शिवाय ‘अयोग्य’ हा शब्द या खेळाच्या इतिहासात फार स्वस्तात वापरला गेला होता. 1919 ते 1926 या काळात जॅक डेम्प्सी विजेता असताना हॅरी विल्स हा बलाढ्य निग्रो मुष्टियोद्धा वर्षानुवर्षे वाट पाहत राहिला आणि त्याला संधी मिळाली नाही. त्यामागे त्याचा वर्ण हे मोठे कारण होते. लिस्टनला दार बंद करणे म्हणजे जुनाच अन्याय नव्या सबबीखाली चालू ठेवणे होय, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे सोपे नव्हते.

अखेर निर्णय केला तो पॅटर्सनने, आणि तोही आपल्या व्यवस्थापकाचा सल्ला बाजूस सारून. सर्वांत समर्थ आव्हानवीराशी लढल्यावाचून आपण खरे विजेते नव्हे, ही जाणीव त्याला स्वस्थ बसू देईना. 25 सप्टेंबर 1962 रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर दोघे समोरासमोर आले. पॅटर्सनचे वजन 189 पौंड, तर लिस्टनचे 214. लिस्टनच्या हातांचा पल्लाही कितीतरी अधिक. पहिल्या फेरीची 2 मिनिटे आणि 6 सेकंद झाली तेव्हा पॅटर्सन जमिनीवर होता आणि लढत संपली होती. पराभवाच्या भीतीने त्याने खोटी दाढीमिशी आधीच सोबत आणून ठेवली होती. ती लावून तो रात्रीच मोटारीने शहराबाहेर पडला. करारातील फेरलढतीच्या कलमानुसार 22 जुलै 1963 रोजी लास व्हेगास येथे त्याला दुसरी संधी मिळाली. ती लढत पहिलीपेक्षा चारच सेकंद अधिक टिकली.

मग पॅटर्सन चुकला काय? केवळ जोडीच्या हिशेबाने पाहिले तर डी’अमॅटो बरोबर होता. पण विजेतेपदाची ठेव ज्याच्या हाती असते, त्याच्यावर ती सुरक्षित ठेवण्याइतकीच ती पणाला लावण्याचीही जबाबदारी असते. पॅटर्सन लढला नसता तर पदवी त्याच्याकडे राहिली असती, परंतु तिच्यावरील लोकांचा विश्वास उडाला असता. दोनदा पहिल्याच फेरीत हरलेल्या या माणसाबद्दल लोकांचा आदर कमी झाला नाही. पुढे तो न्यूयॉर्कच्या त्याच परवाना देणाऱ्या मंडळाचा अध्यक्षही झाला. 2006 साली त्याचे निधन झाले.

तथापि धैर्याचे कौतुक करताना एक मर्यादा विसरून चालणार नाही. त्याच 1962 सालच्या मार्चमध्ये वेल्टरवेट विजेता बेनी पॅरेट हा एमिल ग्रिफिथविरुद्ध लढताना बेशुद्ध पडला आणि 3 एप्रिलला मरण पावला. त्याआधी जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वी त्याने आपल्याहून वजनदार गटातील जीन फुलमरकडून जबर मार खाल्ला होता. प्रतिस्पर्धी कोण हा प्रश्न जेवढा महत्त्वाचा, तेवढाच लढत केव्हा हाही महत्त्वाचा. जेथे व्यवस्थापक, ठेकेदार आणि मंडळ हे तिघेही ‘अजून नको’ असे म्हणावयास विसरतात, तेथे किंमत चुकवितो तो रिंगणात उभा असलेला माणूस.

लिस्टनच्या वाट्यालाही विजेतेपदाचे सुख फारसे आले नाही. त्याचा पुढचा आव्हानवीर कॅशियस क्ले हा जाणकारांच्या मते सोपी जोड होता. थोड्याच महिन्यांपूर्वी हेन्री कूपरने त्याला खाली पाडले होते. पण 25 फेब्रुवारी 1964 रोजी मायामी बीच येथे सातव्या फेरीसाठी लिस्टन आपल्या बैठकीवरून उठलाच नाही, आणि पुढे महंमद अली या नावाने गाजलेला नवा विजेता जगाला मिळाला. अलीने लिस्टनशीच फेरलढत ठरविली, तेव्हा जागतिक मुष्टियुद्ध संघटनेने त्याची मान्यता काढून घेतली. ती रिकामी जागा भरण्यासाठी 1965 च्या मार्चमध्ये जी लढत झाली, तीत एर्नी टेरेलसमोर उभा होता तो पॅटर्सनच्या काळात ताटकळत राहिलेला एडी मॅचेन. त्याची संधी आली, पण उशिरा आणि अर्धवट. तो गुणांवर हरला.

आज चार प्रमुख जागतिक संघटना आपापले विजेते जाहीर करतात, आणि ठरलेल्या मुदतीत पहिल्या क्रमांकाच्या आव्हानवीराशी लढावे असे नियमही त्यांनी केले आहेत. नियम झाले, म्हणून वाद थांबला असे नाही. दोन विजेते एकमेकांना वर्षानुवर्षे टाळतात, पैशाची गणिते जुळत नाहीत, आणि प्रेक्षक कंटाळतात. तेव्हा पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव जाहीर होईल त्या वेळी जाणत्या रसिकाने काही साधे प्रश्न विचारावेत. ही संधी त्या माणसाने आपल्या लढतींनी मिळविली आहे काय? त्याच्यासाठी कोणाला मागे ठेवण्यात आले आहे? आणि दोघेही लढण्याच्या स्थितीत आहेत काय? जत्रेतला वृद्ध वस्ताद मल्लांकडे पाहताना नेमके हेच पाहत असतो, आणि जोड विजोड दिसली तर इनामाची रक्कम कितीही मोठी असली तरी ती कुस्ती लावीत नाही.