टेस्टरचा दिवा लागला नाही, तर?

काशीच्या जुन्या भागात दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगा घाट यांच्या लगतच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली असून दूधविनायक हा मोहल्ला त्याच वस्तीचा भाग आहे. जुन्या काशीच्या सुमारे १६ चौरस किलोमीटर क्षेत्रातील डोक्यावरच्या विजेच्या तारा एकात्मिक वीज विकास योजनेखाली जमिनीखाली नेण्यात आल्या व १८ सप्टेंबर २०१८ रोजी त्या कामाचे लोकार्पण झाले. परंतु ही सुधारणा मीटरपाशी संपते. त्यापुढचे वायरिंग घरमालकाचे असते आणि जुन्या घरांत ते गरजेप्रमाणे, निरनिराळ्या हातांनी वाढत गेलेले असल्यामुळे लाल तार म्हणजे फेज, म्हणजेच वीज आणणारी तार, आणि काळी म्हणजे न्यूट्रल, म्हणजेच परतीची तार, हा संकेत तेथे पाळलेला असेलच असे नाही. मग सगळी भिस्त पेचकसासारख्या दिसणाऱ्या टेस्टरवर येते.

या टेस्टरच्या पारदर्शक मुठीत निऑन वायूचा छोटा दिवा आणि त्याच्याशी जोडलेला साधारण दहा लाख ओहमचा रोधक, म्हणजे प्रवाहाला अडवणारा घटक, असतो. टोक फेजला टेकवून मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवले की २३० व्होल्टच्या दाबाने अत्यल्प प्रवाह रोधकातून, दिव्यातून व माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जातो. हा प्रवाह एक मिलिअँपिअरच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी असल्याने जाणवत नाही, दिवा मात्र तेवढ्यावर उजळतो. याचा अर्थ असा, की तपासणाऱ्याचे शरीर हाच मंडलाचा एक भाग असतो आणि त्याच्या व विजेच्या मध्ये केवळ तो रोधक उभा असतो. तडकलेला, ओलसर किंवा पेचकस म्हणून पिळवटून वापरलेला टेस्टर म्हणूनच फेकून द्यावा. टोकाचा उघडा भाग शक्य तितका लहान असावा आणि बोट त्याला कधीही लागू नये.

दिवा लागला तर तार जिवंत समजावी, हे सरळ आहे. दिवा लागला नाही म्हणून तार मृत समजणे मात्र चूक आहे, आणि अपघाताचे मूळ बहुधा या दुसऱ्या समजुतीत असते. कोरड्या लाकडी शिडीवर उभे असताना दिवा मंद होतो, उन्हात तो दिसतच नाही, आणि टेस्टर बिघडलेला असेल तर तो कुठेच लागत नाही. यावरचा नियम असा, की वीज नक्की असलेल्या सॉकेटवर टेस्टर आधी पारखावा, मग संशयित तार तपासावी आणि शेवटी पुन्हा त्याच सॉकेटवर तो चालतो ना, हे पाहावे. तीन भोकांच्या सॉकेटमध्ये मोठे भोक वर असताना समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताचे भोक फेजचे असावे, असा नियम आहे. दोन्ही भोकांत दिवा लागला तर न्यूट्रल तुटल्याची शंका घ्यावी. कारण चालू ठेवलेल्या एखाद्या उपकरणातून फेज त्या तुटलेल्या तारेपर्यंत पोहोचते.

बटण बंद केल्यावर होल्डर निर्जीव होतो, हेही गृहीत धरू नये, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेले असते. मेन स्विच बंद असला तरी इन्व्हर्टरची वीज काही तारांत शिल्लक राहते. न टेकवता, नुसता जवळ नेल्यावर आवाज करणारा बॅटरीचा टेस्टर अधिक निर्धोक खरा. पण तो धातूच्या नळीतील तार ओळखत नाही व शेजारच्या तारेच्या प्रभावाने उगाच वाजतो, म्हणून त्याचाही निकाल अंतिम नव्हे.

या घरांना पुराचा आणि ओलाव्याचाही धोका असतो. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर असून १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. एरवीच्या पावसाळ्यातही घाटालगतच्या भिंती ओलावा धरतात, आणि ओल्या पायांनी किंवा ओल्या हातांनी टेस्टर धरणे धोक्याचे असते; हात ओले असतील तर रोधकाला वळसा घालून विजेला वाट मिळू शकते. पुराचे पाणी सॉकेटपर्यंत आलेल्या घरात टेस्टर हाती न घेता वीज कंपनीला कळवून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यावा, आणि अर्थिंग ठीक आहे की नाही हे निऑनच्या टेस्टरवरून कळत नसल्यामुळे वीज पुन्हा सुरू करण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून संपूर्ण वायरिंगची तपासणी करून घ्यावी.