यादीतील नाव आणि लोकपालाचे दप्तर
लेखांक सातवा

तालिबानने ओसामा बिन लादेनला स्वाधीन करावे म्हणून सुरक्षा परिषदेने १९९९ साली केलेला १२६७ क्रमांकाचा ठराव पुढे अल्-कायदाशी संबंध असल्याचा संशय असलेल्या जगभरच्या व्यक्तींना कसा लागू झाला, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. या ठरावाखाली परिषदेने नेमलेल्या समितीच्या यादीत ज्याचे नाव चढले त्याची मिळकत गोठवणे आणि त्याला आपल्या हद्दीत येऊ न देणे हे प्रत्येक सभासद राष्ट्राचे कर्तव्य ठरले. परंतु ते नाव चुकीने चढले असेल तर दाद कोणाकडे मागावी, याची तजवीज आरंभी कोणीच केली नव्हती. नाव सुचवणार एखादे सरकार, त्याला संमती देणार परिषदेचीच पंधरा राष्ट्रे, आणि ते काढायचे तर पुन्हा त्याच पंधरांचे एकमत हवे; ज्याच्यावर हे सारे कोसळले त्याला मात्र आरोपांची नक्कलही मिळायची नाही.

याचे प्रत्यक्ष रूप काम्पिओने द'इतालिया या चिमुकल्या गावात दिसले. हे गाव इटलीचे, पण चहूबाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेले आणि क्षेत्रफळाने जेमतेम १.६ चौरस किलोमीटर. २००१ च्या नोव्हेंबरात यादीत आलेले युसुफ नदा हे वयोवृद्ध व्यापारी तेथे राहत. गावाबाहेर पाऊल टाकायचे तर स्विस भूमी ओलांडणे प्राप्त, आणि स्विस सरकार तर ठरावाने बांधलेले! औषधोपचारासाठी केलेले त्यांचे अर्जही फेटाळले गेले. स्विस तपासयंत्रणेने २००५ साली चौकशी गुंडाळली, तरी नाव यादीतून निघायला २००९ चा सप्टेंबर उजाडला. सरकारने आपल्यापरीने सवलतीची वाट शोधली नाही, म्हणून स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१२ साली स्वित्झर्लंडला दोषी धरले.

तत्पूर्वीच, २००८ साली, लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सौदी उद्योजक यासिन कादी यांच्या फिर्यादीवर निकाल देताना, म्हणणे न ऐकता मालमत्ता गोठवणारा युरोपीय नियम त्यांच्यापुरता रद्द केला होता. या तडाख्यानेच परिषदेला जाग आली, असे माझे मत आहे. २००९ च्या डिसेंबरात तिने लोकपालाचे पद निर्माण केले आणि कॅनडाच्या न्यायविद किंबर्ली प्रोस्ट यांनी त्यावर प्रथम काम केले. अर्जदाराला प्रत्यक्ष भेटून, सरकारांकडून माहिती मागवून लोकपालाने अहवाल द्यायचा. आणि २०११ पासून, नाव वगळण्याची शिफारस झाली की पंधराही सभासदांनी एकमताने नकार दिल्याशिवाय किंवा प्रकरण परिषदेपुढे नेल्याशिवाय ते साठ दिवसांत आपोआप गळते. एकमताचे ओझे असे अर्जदाराच्या खांद्यावरून समितीच्या खांद्यावर आले. कादींचे नाव याच वाटेने २०१२ साली निघाले. गुप्त माहिती द्यावी की न द्यावी हे मात्र अजून सरकारांच्याच मर्जीवर आहे, म्हणून या पदाला न्यायासन म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

२६ नोव्हेंबरचे घाव वागवणाऱ्या मुंबईकराला ही काळजी अस्थानी वाटेल. परंतु त्या हल्ल्यानंतर पंधरवड्यातच हाफीज सईदचे नाव याच यादीत आले, आणि मसूद अझहरचे मात्र चीनच्या अडवणुकीमुळे २०१९ च्या मे महिन्यापर्यंत रखडले. पुराव्यापेक्षा मसलतीवर चालणारी पद्धत निरपराध्याला जशी अडकवते तशीच अपराध्याला मोकळाही ठेवते.

लोकपालाचे हात ज्या दिवशी बळकट झाले त्याच दिवशी, १७ जून २०११ रोजी, परिषदेने तालिबानची नावे वेगळ्या यादीत काढली. त्या यादीवरील कोणालाही लोकपालाकडे अर्ज करण्याची मुभा आजतागायत नाही.