परदेशाचे विमान आणि घड्याळाची गफलत

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आणि आई-वडील बारामतीला नाहीतर इंदापूरला, अशी घरे आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाहीत. मुलीचे बाळंतपण आले की आजी-आजोबांचे तिकीट येते. जाण्यापूर्वी ही मंडळी तपासणीला येतात, तेव्हा मी आधी तिकीट दाखवा म्हणतो.

इंदापूरच्या अशाच एका आजोबांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागते. तिकिटावर मुंबईहून रात्री 2 ला सुटून न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी 8 ला पोहोचण्याची वेळ होती. ‘‘सहा तासांचा तर प्रवास! सकाळचे इंजेक्शन उतरल्यावर घेईन. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकलंय,’’ असे ते म्हणाले.

गफलत इथेच होते. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे असते. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. म्हणजे ते विमान सहा नव्हे, साडेपंधरा तास उडणार! त्यात इंदापूर ते मुंबई मोटारीचे सहा-सात तास आणि विमानतळावर तीन तास आधी हजर राहणे धरा. तिकडे सकाळचे आठ म्हणजे इंदापुरात संध्याकाळचे साडेपाच. आदल्या संध्याकाळनंतर जवळजवळ एक दिवस आजोबा इन्सुलिनवाचून राहिले असते. शिवाय सामानाच्या कप्प्यात थंडीने गोठले तर इन्सुलिन निकामी होते. ते नेहमी हातातल्या पिशवीतच हवे, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

आम्ही त्यांना कागदावर वेळा लिहून दिल्या. उतरेपर्यंत मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेचेच ठेवायचे आणि जेवणाचे ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो. त्यामुळे दोन्ही वेळचे कागद वेगळे. किती युनिट, हे मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरकडूनच ठरवून घ्यावे. शेजाऱ्याचा कागद चालत नाही.

दुसरी काळजी पायांची. चार तासांहून अधिक बसून प्रवास केला तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितले. तरीही तो सुमारे सहा हजारांत एकाला, तेव्हा घाबरू नये. पण हा नियम मोटारीलाही लागू आहे. तासा-दीड तासाने उठावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. एकच पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. छातीत दुखले किंवा धाप लागली तर तडक रुग्णालय गाठावे. हे उतरल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकते.

कळसूबाईची उंची सुमारे 5,400 फूट. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असावी इतकी विरळ असते. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. फुप्फुसाचा जुना आजार, तीव्र रक्तक्षय किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी विचारावे.

झोपेचे म्हणाल, तर शरीराचे घड्याळ रोज तासाभराने सरकते. परतल्यावर बहुतेकांना जास्त जड जाते. आठवडाभर दुपारची झोप अर्ध्या तासावर ठेवा, आणि पहिले काही दिवस स्वतः गाडी चालवू नका.