निवडीचा दिवस

सकाळी ७

पहिला फोन देपालपूरहून. "मॅडम, बस निकल गई. अगली साढ़े आठ की है. नाम तो नहीं कटेगा?" नाव कापलं जाणार नाही, अकरापर्यंत या, असं सांगून मी गॅसवरचा चहा उतरवते. फोनवर वडील आहेत. मुलगी सत्तावीस वर्षांची, बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. एकटी ती आजवर घराबाहेर पडलेली नाही.

इंदूरमधल्या एका संस्थेच्या व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात मी समुपदेशक आहे. आज नव्या तुकडीची निवड आहे. जागा वीस, अर्ज साठाच्या वर. प्रशिक्षण सहा महिन्यांचं: पॅकिंग, शिवण, संगणकावर नोंदी, मोबाइल दुरुस्ती. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात साडेपंधरा लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. या कामासाठी केंद्र सरकारचं व्यवसाय पुनर्वसन केंद्र जबलपूरला, म्हणजे इंदूरहून रात्रभराच्या गाडीवर. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला जबलपूरला जा म्हणणं आणि घरी बस म्हणणं, यांत फारसा फरक नाही.

पावणेनऊ

फाटकाशी आधीच रांग आहे. आमचं केंद्र मालवा मिलच्या बाजूला. या भागाला रांगेची सवय आहे. पलीकडची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी हातात पडायला २०२३चा डिसेंबर उजाडला.

रांगेत पुढे कोण आहे ते मी नेहमी पाहते. पाटणीपुरा, नेहरूनगर, परदेशीपुरा. जवळचे, चालता येणारे, नाहीतर स्कूटरवर सोडायला भाऊ असलेले. देपालपूर, सांवेर, महूचे लोक मागे किंवा अजून रस्त्यात. आधी येईल त्याला आधी, हा नियम सगळ्यांना न्याय्य वाटतो, कारण त्यात कुणाला काही ठरवावं लागत नाही. प्रत्यक्षात तो बसच्या वेळापत्रकाला आणि घरच्या स्कूटरला दिलेला अग्रक्रम असतो. म्हणून रांगेचा क्रमांक आम्ही फक्त चहासाठी मानतो.

सव्वादहा

कागदपत्रं. आधार, राज्याचा समग्र आयडी, अपंगत्वाचं स्वावलंबन कार्ड. कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान पिवळा, ऐंशी आणि वर निळा. लोक कार्ड टेबलावर असं ठेवतात की रंग आधी दिसावा. निळं कार्ड म्हणजे नंबर नक्की, असा समज आहे. तो चुकीचा आहे हे सांगण्यात माझी अर्धी सकाळ जाते.

टक्के शरीराचे असतात, कामाचे नव्हेत. एक डोळा पूर्ण गेला तर प्रमाणपत्रावर ३० टक्के मिळतात. समोर बसलेला माणूस ट्रक चालवायचा, डोळा गेला आणि धंदा संपला. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात आरक्षणासारखे लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळे सरकारी पैशाच्या जागेत तो बसत नाही. त्याच्यानंतर आलेल्या मुलाला दोन्ही कानांनी अजिबात ऐकू येत नाही, कार्ड निळं. पण तो बारावी आहे, संगणक येतो, शहरात कुठेही एकटा जातो, पत्ता मोबाइलवर टाइप करून विचारतो. कामापासून जास्त लांब कोण, हे कार्डाचा रंग सांगत नाही.

ट्रकवाल्याला मी साध्या कौशल्य केंद्राचं पत्र देते. तिथे डोळ्याचा दाखला कुणी मागत नाही. तो पत्राची घडी करतो आणि विचारतो, "यहाँ क्यों नहीं?" उत्तर देते, पण ते त्याला पटलेलं नाही.

अकरा ते दीड

हा वेळ खरा. प्रत्येकाला काम देऊन बघायचं. मुलाखतीत सगळेच "हो" म्हणतात आणि पालक मुलांच्या आधी म्हणतात.

देपालपूरची मुलगी पोहोचली आहे. तिच्यासमोर तीन मापांचे नट-बोल्ट ठेवले. पहिली दहा मिनिटं ती वडिलांकडेच बघत राहिली. विशेष शिक्षिका ताईंनी वडिलांना बाहेर चहाला नेलं. त्यानंतर तिने अर्धा डबा लावला, एकही चूक नाही, फक्त सावकाश. मग हाताला लागलेलं तेल ओढणीला पुसलं आणि आम्ही रागावतो का ते पाहिलं. वडील आत आले तसं काम थांबलं. एवढ्यावरून मला तिचं अर्धं प्रशिक्षण कळलं: यंत्र शिकवण्याआधी तिला वडिलांशिवाय चार तास बसायला शिकवायचं आहे.

एक गवंडी आहेत, पस्तिशीचे. परांची तुटून स्लॅबवरून पडले, मणका गेला. पत्नी चार घरची भांडी करते. त्यांना मोबाइल दुरुस्ती शिकायची आहे आणि बोटं इतकी नेमकी आहेत की आमचे शिक्षक लगेच राजी झाले. पण पाठीखाली शय्याव्रण आहे, ओला. रोज सहा तास खुर्चीत बसवलं तर दोन महिन्यांत रुग्णालयात. ते मान्य करत नाहीत. "ठीक हो जाएगा, बैठने दो."

सुदामानगरच्या एक काकू मुलाला घेऊन आल्या आहेत. मुलाला स्किझोफ्रेनिया. बाणगंगेच्या मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून औषधं चालू आहेत, तब्येत स्थिर. "ताई, अहो, बघून कुणाला काही कळतं का सांगा? मग कागदावर तरी कशाला लिहायचं?" लिहिलं नाही तर जागा मिळत नाही, आणि लिहिलं तर कारखानदार घाबरतो. कायद्याने सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांमधला चौथा टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ठेवला आहे. काकूंना हे ठाऊक नव्हतं. मुलाने डेटा एन्ट्रीची चाचणी मन लावून दिली. महिन्यातून एक दिवस बाणगंगेला जायची सुट्टी लागेल, एवढंच म्हणाला.

दोन वाजता

डबा खाताना सांवेर रोडवरच्या एका कारखान्याचा फोन. सहा माणसं हवीत. "मॅडम, मूकबधिर वाले ही देना. वो लोग बात नहीं करते, काम करते हैं." ही फर्माईश नवी नाही. खासगी मालकावर कायद्याची सक्ती नाही. नोकरवर्गातले किमान पाच टक्के अपंग असावेत यासाठी सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच कलम ३५ म्हणतं. मी सहापैकी दोन जागा बौद्धिक अक्षमता असलेल्यांना द्या म्हटलं. एकीवर तोडगा निघाला, तोही महिनाभराच्या बोलीवर.

तीन ते पाच

बैठक. विशेष शिक्षिका, सांकेतिक भाषेच्या दुभाषी ताई, हिशेबनीस आणि मी.

हिशेबनीसांचं म्हणणं सरळ आहे. योजनेचा शेवटचा हप्ता प्रशिक्षणार्थी नोकरीला लागल्याचे कागद दिल्यावर मिळतो. वीसच्या वीस अवघड माणसं घेतली तर निम्म्यांनाही काम लागणार नाही, हप्ता अडकेल, पुढची तुकडी दहाची होईल. मग कुणाचं भलं केलं? या प्रश्नाला मी कधीच उडवून लावत नाही, कारण शिक्षकांचे पगार त्यातूनच होतात.

पण हाच सापळा अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वी दिसून चुकला आहे. तिथल्या सरकारी पुनर्वसन कचेऱ्यांत नोकरीला लागून बंद झालेल्या प्रकरणाला २६ क्रमांकाचा शेरा असे, आणि सगळे २६ सारखेच मोजले जात. पाठदुखीवाला कारकून महिन्यात कामाला लागला तरी एक, आणि हातपाय न चालणारा माणूस तीन वर्षांनी लागला तरी एकच. मग समुपदेशक साहजिकच कारकून शोधू लागले. १९७३च्या कायद्याने सांगितलं की ज्यांचं अपंगत्व सर्वांत तीव्र, त्यांना आधी सेवा द्या. पैसे अपुरे पडले तर राज्याने निवडीचा क्रम आधी ठरवायचा, लेखी, आणि तो सगळ्यांना सारखा लावायचा. उरलेल्यांची प्रतीक्षायादी करायची आणि त्यांना दुसऱ्या सेवेचा रस्ता दाखवायचा. प्रतीक्षायाद्या तिथेही लांबल्या. पण त्या लोकांच्या डोळ्यांसमोर लांबल्या.

आपला कायदा क्रम लावून देत नाही, तरी वाट दाखवतो. कलम १९ म्हणतं की अपंग व्यक्तींना सर्वसाधारण व्यवसाय शिक्षणात सामावून घ्या. आणि वेगळी, बाजाराशी जोडलेली प्रशिक्षणं विकासात्मक, बौद्धिक, बहुविध अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्यांसाठी काढा. माझी सगळी भूमिका या दोन वाक्यांवर उभी आहे. ज्याला दुसरं दार उघडं आहे त्याला त्या दारापर्यंत सोडून यायचं. आमच्या वीस जागा, ज्यांना दुसरं दारच नाही त्यांच्या.

दुभाषी ताई कर्णबधिर मुलावरून चिडल्या. "म्हणजे तो पोरगा हुशार आहे, बस कळते, हा त्याचा गुन्हा? नंदानगरच्या आयटीआयमध्ये राखीव जागा आहे, कबूल. तिथे वर्गात त्याला खुणांनी सांगणार कोण? मीच ना?" त्यांचं बरोबर होतं. याच शहरात तुकोगंज पोलीस ठाण्यात कर्णबधिरांसाठी साहाय्य केंद्र निघालं, कारण तक्रार ऐकणाऱ्याला खुणा कळत नसतील तर ठाण्याचं दार उघडं असून उपयोग नाही. वर्गाचंही तसंच. शेवटी ठरलं ते असं: पहिला महिना ताई आठवड्यातून दोन दिवस आयटीआयमध्ये बसतील आणि त्यांचे ते तास आमच्या तुकडीतून वजा होतील. दुसरीकडे पाठवणं फुकटात होत नाही, हे यादी करणाऱ्याने आधीच धरायला हवं.

मग गवंडी. दुसरं दार नाही, घर पत्नीच्या भांड्यांवर, शिकण्याची क्षमता उत्तम. तरी आज खुर्ची देणं म्हणजे त्यांना इजा करणं. एम. वाय. रुग्णालयातून व्रण बरा करून घ्यायचा आणि पुढच्या तुकडीत पहिलं नाव त्यांचं, प्रतीक्षायादीच्या शेपटीला नव्हे. तब्येतीमुळे थांबलेल्याचा क्रम जाऊ नये, हे आम्ही आज नियमात लिहून टाकलं. सारख्या निकडीच्या दोघांत अर्जाची तारीख पाहायची. मात्र त्यांत बाईचा अर्ज असेल तर ती आधी. गरिबी निर्मूलनाच्या योजनांत कलम ३७ तसा अग्रक्रम देतंच, तो आम्हीही धरला. साठ अर्जांत बायका जेमतेम पंधरा. घरचे त्यांना पाठवतच नाहीत.

हिशेबनीसांची शंका मात्र उरलीच. नोकरी लागायला जास्त वेळ लागणाऱ्यांसाठी हप्त्याची मुदत वाढवा, असं पत्र आम्ही सगळ्यांनी सही करून वर पाठवलं. उत्तर येईपर्यंत निर्णय तोच.

साडेपाच

नाही म्हणायची वेळ. हे फोनवर किंवा शिपायाकरवी सांगायचं नाही, ही माझी अट आहे. प्रत्येकाला समोर बसवून तीन गोष्टी सांगायच्या: का नाही, यादीत कितवा क्रमांक, आणि तोवर कुठे जायचं.

एक आई विचारतात, मुलगा कामाला लागला तर सहाशे रुपयांचं पेन्शन बंद होईल का? पुष्कळ घरांत माणूस घरी बसवून ठेवण्यामागे हीच भीती असते. सहाशे रुपये कमी आहेत, पण ते येतात. आजवर पगार कुणी दाखवलेलाच नाही. मी त्यांना सामाजिक न्याय विभागात विचारायचा प्रश्न कागदावर लिहून देते आणि मंगळवारच्या जनसुनावणीत तोच कागद पुढे करा म्हणते.

कर्णबधिर मुलगा निवड झाली नसल्याचं मी लिहिलेलं वाचून बराच वेळ माझ्याकडे बघतो. दुभाषी ताई हातांनी आयटीआयचं समजावतात. तो मोबाइलवर लिहून दाखवतो: "वहाँ फेल हुआ तो वापस आऊँ?" हो, लिहिते मी, आणि ते नियमात बसतं का हे उद्या पाहायचं ठरवते.

साडेसहा

फळ्यावर यादी लागते. नावं नाहीत, अपंगत्वाचा प्रकार नाही. फक्त अर्ज क्रमांक, तारीख आणि शेजारी नियमाचा कागद. देपालपूरचा क्रमांक चौथा. सुदामानगरचा अकरावा. प्रतीक्षेत चाळीसच्या वर.

वाचकांना एक सांगायचं आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी अठरा वर्षांवरचं कुणी प्रमाणपत्र कपाटात ठेवून बसलेलं असेल, तर जवळच्या केंद्रात त्याचा अर्ज आत्ताच द्या, पोच घ्या आणि निवडीचा नियम लेखी मागा. जागा रिकामी झाल्यावर दिलेला अर्ज सारख्या निकडीच्या सगळ्यांच्या मागे जातो.