फ्लॉरेन्सचं ब्राँझ, जुन्या गोव्यात

बरोक कला बघायला इटलीच गाठावी लागते असं नाही. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये उजव्या हाताला सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. वरची चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांची, १६३०च्या दशकातली. खालचा संगमरवरी चौथरा मात्र फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने दिलेली ही भेट १६९८मध्ये इथे उभी राहिली. लोक माना वर करून पेटीचा फोटो काढतात नि पुढे सरकतात. खरं काम चौथऱ्यावरच्या चार ब्राँझच्या उठावशिल्पांत आहे. एकात झेवियरचा १५५२मधला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरचा मृत्यू दाखवलाय. मूर्ती बघून नजर तयार झालेला माणूस बहुधा तिथेच अडकेल.