कमी मार्क, मोठं मेडल आणि आपले तलाव

कमी मार्क पडले म्हणून मेडल मिळालं, असं कधी ऐकलंय? २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये नेहा ठाकूरने शिडाच्या होडीच्या स्पर्धेत रौप्यपदक जिंकलं. अकरा शर्यती, एकूण ३२ गुण. त्यातली सर्वांत वाईट शर्यत, पाच गुणांची, नियमाप्रमाणे वगळली. उरले २७. सेलिंगमध्ये पहिल्या आलेल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, दहाव्याला दहा. ज्याचे गुण कमी, तो पुढे.

आता दुसरी गंमत. नेहा मुंबईची नाही, गोव्याची नाही, चेन्नईचीही नाही. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. तिथूनही समुद्र लांबच, जसा आपल्या गोंदियाहून. ती शिकली भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये, बड्या तलावावर. म्हणजे तलावच. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा अशी नावं लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्या पोरापोरींनी हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.

होडी सारखी, मग फरक कशाचा?

नेहाची होडी होती आयएलसीए ४. जुने लोक हिला लेझर म्हणतात. साधारण सव्वाचार मीटर लांब, एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू आणि एकच माणूस. अशा छोट्या होडीला डिंगी म्हणतात. आयएलसीए ४, ६ आणि ७ यांत होडीचं धूड एकच असतं. बदलतं ते शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग. वजन कमी असेल तर छोटं शीड, भरलेला गडी असेल तर मोठं.

ऑलिम्पिकमध्ये तर आयएलसीएच्या होड्या आयोजकच देतात. त्यामुळे श्रीमंत देशाची होडी भारी आणि आपली साधी, ही तक्रार इथे चालत नाही. इंजिन नाही, वल्हं नाही. उरतं काय? वारा, पाणी आणि तुमचं डोकं.

वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जातच नाही. ती वाऱ्याशी तिरपी, साधारण ४५ अंशांत धरावी लागते. थोडं डावीकडे, मग वळून उजवीकडे, असं नागमोडी वर चढायचं. वारा मध्येच दहा अंशांनी जरी फिरला, तरी एका बाजूची होडी फुकटात पुढे येते आणि दुसऱ्या बाजूची तेवढीच मागे पडते. म्हणून चांगला खेळाडू शिडाकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघतो. लांबवर पाणी गडद दिसलं, की तिथून झुळूक येतेय. आपल्याकडे डोंगा घेऊन जाळं टाकायला जाणाऱ्या ढिवर काकांना हे कोणी शिकवलं नाही. त्यांना ते दिसतं.

वर्षभर आधीची शर्यत

हीच गोष्ट या खेळाला बाकीच्यांपेक्षा वेगळं करते. शंभर मीटरचा ट्रॅक टोकियोत असो की पॅरिसमध्ये, शंभर मीटरचाच असतो. पाणी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं. म्हणून जिथे पुढे मोठी स्पर्धा व्हायची आहे, तिथे आधीच एक रेगाटा घेतात, शक्यतो त्याच मोसमात. टोकियो ऑलिम्पिकसाठी एनोशिमाला ऑगस्ट २०१९ मध्ये अशी चाचणी स्पर्धा झाली. पॅरिस ऑलिम्पिकचं सेलिंग पॅरिसमध्ये नव्हतंच. ते होतं मार्सेच्या समुद्रात, आणि तिथली चाचणी झाली जुलै २०२३ मध्ये.

अशा स्पर्धेत नंबर महत्त्वाचा असतो, पण नंबरापेक्षा वही महत्त्वाची असते. दुपारी किती वाजता वारा फिरतो, कोणत्या टेकडीमागे तो मरतो, भरतीचा ओढा कुठे जोरात आहे, लाट किती लांबीची येते, सगळं टिपून ठेवायचं. तलावावर शिकलेल्याला तर हे जास्तच गरजेचं, कारण तलावाला भरती-ओहोटी नसते. समुद्रात वारा साथ देत असतो आणि पायाखालचं पाणी उलटं ओढत असतं.

आणि तरी वही पुरत नाही. मार्सेच्या जोरदार मिस्ट्राल वाऱ्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं. प्रत्यक्ष ऑलिम्पिकमध्ये बरेच दिवस वाराच पडला. खेळाडू तासन्‌तास पाण्यावर ताटकळले, काही शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या.

आपले दोन खेळाडू बघा. विष्णू सरवणन टोकियोत २० वा, पॅरिसला १८ वा. नेत्रा कुमानन, सेलिंगमध्ये ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला, टोकियोत ३५ वी, पॅरिसला २१ वी. मेडल नाही, म्हणून टीव्हीवर दोन मिनिटंही नाहीत. पण ३५ वरून २१ वर येणं म्हणजे काय, हे एटीकेटीतून फर्स्ट क्लासला आलेल्याला विचारा.

ठिकाण घरचं असलं तर? १९८२ च्या एशियन गेम्स दिल्लीच्या म्हणून ओळखल्या जातात, पण सेलिंग झालं मुंबईत. तिथे फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं.

पंच नाही, तरी शिक्षा

आणखी एक नियम ऐकून ठेवा. समोरासमोर आल्यावर, ज्याच्या होडीवर वारा उजव्या बाजूने येतोय त्याचा हक्क पहिला. चुकलात, तर जागच्या जागी होडीला दोन पूर्ण गिरक्या घालायच्या. बोयाला धक्का लागला, तर एक गिरकी. अनेकदा बघायला पंच जवळ नसतो. गिरकी स्वतःहूनच घ्यायची. कॉपी करायची सवय असलेल्यांना हा खेळ जरा अवघड जाईल.

मग आपण कुठून सुरू करायचं?

खरं सांगायचं तर उद्या सकाळी नवेगावच्या तलावात शीड उभारता येणार नाही. तो परिसर व्याघ्र प्रकल्पाचा, थंडीत तिथे पाहुणे पक्षी येतात आणि आपल्या तलावांवर मासेमारी करणाऱ्यांची पोटं आहेत. उद्या जिल्ह्यात कुठे सेलिंग सुरू करायचं ठरलंच, तर पहिली बैठक वनखातं आणि ढिवर समाज यांच्यासोबत व्हायला हवी. त्यांना बाजूला सारून आणलेला खेळ टिकणार नाही.

तोवर रस्ते आहेत. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शिडाची होडी शिकवतात, आणि त्यांची अखिल भारतीय याटिंग रेगाटा ओडिशात चिल्का सरोवरावर भरत आली आहे. हैदराबादच्या हुसेनसागरावर याट क्लब ऑफ हैदराबाद सरकारी शाळेतल्या मुलांनाही शिकवतो. भोपाळ आहेच. सैन्यात जायची तयारी करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की विष्णू सरवणन फौजी आहे आणि मुंबईच्या आर्मी याटिंग नोडमध्ये घडलाय.

पण पहिली अट घरूनच पूर्ण करायची: पोहता यायला हवं. तलावाकाठी वाढलेल्या आपल्यातल्या किती जणांना, आणि विशेषतः किती जणींना, नीट पोहता येतं? नदी-तलावात बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात याच पेपरात आपण वाचतो. लाइफ जॅकेट घालून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली या उन्हाळ्यात पोहणं शिकलात, तर सेलिंगपर्यंत पोहोचा न पोहोचा, ते फुकट जाणार नाही.

२०२८ ला लॉस एंजेलिसच्या पाण्यावर पुन्हा शिडं दिसतील. भोपाळच्या तलावावरून निघालेली मुलगी आशियात दुसरी आली. गोंदियाच्या तलावावरून अजून कोणी निघालेलं नाही, एवढंच.