आदल्या दिवशी ‘आम्ही वेगळं राष्ट्र’ म्हणत मोर्चा, दुसऱ्या दिवशी स्पेनच्या विजयाचा जल्लोष. बार्सिलोनाचं नेमकं चाललंय काय?

तारीख १० जुलै २०१०. बार्सिलोनाच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे पिवळ्या-लाल पट्ट्यांचे कॅटलान झेंडे आणि घोषणा एकच, आम्ही एक राष्ट्र आहोत, आमचा निर्णय आम्हीच घेणार. मोर्चात माणसं किती होती? आयोजक म्हणाले १५ लाख, शहर पोलिस म्हणाले ११ लाख आणि फोटोवरून डोकी मोजणाऱ्यांनी आकडा त्याहून कितीतरी खाली आणला. थोडक्यात काय, तर मोर्चाच्या आकड्यांचं राजकारण सगळीकडे सारखंच.

दुसऱ्याच दिवशी जोहान्सबर्गमध्ये फुटबॉल वर्ल्डकपची फायनल होती. ११६ व्या मिनिटाला इनिएस्ताने गोल मारला आणि स्पेन पहिल्यांदा विश्वविजेता झाला. त्या रात्री बार्सिलोनात लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. यावेळी हातात स्पेनचे झेंडे होते.

मग यातले खरे कोण, कालचे की आजचे?

गंमत म्हणजे हा प्रश्न त्या टीमलाही विचारता आला असता. फायनलला मैदानात उतरलेल्या अकरा जणांपैकी पुयोल, पिके, काप्देविला, बुस्केट्स आणि झावी असे पाच जण कॅटलान. इनिएस्ताला शेवटचा पास देणारा फाब्रेगासही कॅटलानच. सेमीफायनलमध्ये जर्मनीला घरी पाठवणारा एकमेव गोल झावीच्या कॉर्नरवर पुयोलने डोक्याने मारला होता. आणि कप जिंकल्यावर याच दोघांनी मैदानात कॅटलोनियाचा झेंडा धरला. तरी स्पेनच्या जर्सीसाठी ते कमी धावले, असं कोणाला म्हणता आलं नाही.

भांडण एका शब्दाचं

आता मोर्चा का निघाला ते बघू. कॅटलोनियाची स्वतःची भाषा आहे, स्वतःचं संसद आणि सरकार आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत कॅटलान भाषा शाळा आणि सरकारी कचेऱ्यांतून हद्दपार झाली होती. १९७५ मध्ये फ्रँको गेला आणि १९७८ मध्ये नवी राज्यघटना आली. तिच्या कलम २ मध्ये एक कसरत आहे. त्यात स्पेन हे एकच अखंड राष्ट्र आहे असं म्हटलंय, आणि त्याच वाक्यात देशातल्या ‘राष्ट्रीयता आणि प्रदेशां’ना स्वायत्ततेचा हक्कही दिलाय. राष्ट्र आणि राष्ट्रीयता यात फरक काय, हे घटनेने सांगितलं नाही. तेव्हा ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

२००६ मध्ये कॅटलोनियाचा नवा स्वायत्तता कायदा आला. त्याच्या प्रस्तावनेत कॅटलान संसद कॅटलोनियाला ‘राष्ट्र’ मानते, असा उल्लेख होता. कायदा स्पेनच्या संसदेत मंजूर झाला, कॅटलोनियात त्यावर सार्वमतही झालं. पण प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि २८ जून २०१० ला निकाल लागला. १४ कलमं रद्द झाली आणि त्या ‘राष्ट्र’ शब्दाला कायदेशीर अर्थ नाही, असं कोर्टाने सांगितलं. १० जुलैचा मोर्चा होता तो यावरच.

आपल्याकडे राज्याच्या नावातच राष्ट्र आहे आणि त्याने कोणाची झोप उडत नाही. तिकडे तोच शब्द कोर्टात उभा राहिला.

त्यात पैशाचं दुखणं होतंच. स्पेनच्या लोकसंख्येत कॅटलोनियाचा वाटा साधारण १६ टक्के, तर अर्थव्यवस्थेत १९ टक्क्यांच्या आसपास. बास्क प्रांत आणि नवारा आपले बहुतेक कर स्वतः गोळा करतात. कॅटलोनियाला ती मुभा नाही. २०१२ मध्ये त्यांनी ती मागितली, माद्रिदने नकार दिला. मंदीचे दिवस होते. स्वातंत्र्याची मागणी तिथून खऱ्या अर्थाने तापली.

राष्ट्रगीत आहे, शब्द नाहीत

स्पेनचे खेळाडू राष्ट्रगीताला गप्प का उभे राहतात, हे कधी लक्षात आलंय? कारण त्याला अधिकृत शब्दच नाहीत, नुसती धून आहे. फ्रँकोच्या काळात जे शब्द गायले जायचे ते त्याच्याबरोबरच गेले. २००८ मध्ये ऑलिंपिक समितीच्या पुढाकाराने स्पर्धा घेऊन नवे शब्द निवडले, पण इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी राजाच्या नावाच्या कपची फायनल बार्सिलोना आणि बास्कांच्या बिलबाओमध्ये झाली. राष्ट्रगीताला स्टेडियमने शिट्ट्या घातल्या. सरकारी टीव्हीने नेमका तेवढाच भाग थेट दाखवला नाही आणि त्यापायी क्रीडाप्रमुखाची खुर्ची गेली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्पेनमध्ये पाहणी करणारे लोकांना एक ठरलेला प्रश्न विचारतात. तुम्ही फक्त स्पॅनिश, जास्त स्पॅनिश, दोन्ही सारखेच, जास्त कॅटलान, की फक्त कॅटलान? कॅटलोनियातल्या बहुतेक पाहण्यांत सगळ्यात मोठा गट निघतो तो ‘दोन्ही सारखेच’ म्हणणाऱ्यांचा. मोर्चात हा गट उठून दिसत नाही. त्याचा वेगळा झेंडाही नाही.

शांत काळात या गटाला काही अडचण येत नाही. अडचण येते ती ‘हो की नाही’ विचारल्यावर. १ ऑक्टोबर २०१७ ला कॅटलान सरकारने कोर्टाची बंदी झुगारून सार्वमत घेतलं. पोलिसांनी मतदान केंद्रांवर लाठ्या चालवल्या. ९० टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, पण मतदान जेमतेम ४३ टक्के. विरोधातले बहुतेक घरीच बसले होते. आठवड्याभरात तेही बार्सिलोनात मोर्चा घेऊन उतरले.

या सगळ्यात सापडला पिके. त्याचं म्हणणं एवढंच की लोकांना मत देऊ द्या. त्याने स्वतः मत दिलं आणि त्या रात्री कॅमेऱ्यासमोर रडला. दुसऱ्या दिवशी स्पेनच्या सरावाला गेला, तर स्पेनच्याच चाहत्यांनी त्याला शिट्ट्या घातल्या. माझी अडचण होत असेल तर बाजूला होतो, असं तो म्हणाला होता. २०१८ च्या वर्ल्डकपनंतर त्याने स्पेनची जर्सी उतरवली. तोवर १०२ सामने खेळून झाले होते.

त्यानंतर सार्वमताच्या नऊ नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा झाल्या, २०२१ मध्ये माफी मिळाली. मे २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांचं कॅटलान संसदेतलं बहुमत गेलं.

आणि त्याच उन्हाळ्यात स्पेनने युरो कप जिंकला. सेमीफायनलमध्ये फ्रान्सला गोल मारणारा लामिन यमाल तेव्हा १६ वर्षांचा होता. वडील मूळचे मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची, जन्म कॅटलोनियातला, जर्सी स्पेनची. गोल मारल्यावर तो बोटांनी एक आकडा दाखवतो, ३०४. हे आहेत त्याच्या मातारोमधल्या रोकाफोंडा या कामगारवस्तीच्या पिनकोडचे शेवटचे तीन अंक.